तीन नंबरचं कारण

कुणाच्याही घरी गेले की माझी नजर आधी कपडे वाळत घालायच्या दोरीवर जाते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी ही खोड काही जात नाही. परवा बरकतपुऱ्यात भाचीच्या सासरी जेवायला गेले होते. गॅलरीतली दोरी बघितली आणि मनात म्हटलं, ह्या घरात एक म्हातारं माणूस आहे आणि ते आपल्याला भेटवलेलं नाही. जेवणानंतर विचारलं, तर खरंच आतल्या खोलीत आजेसासरे होते. भाची म्हणाली, "मावशी, तू आता तरी चौकशी बंद कर ना गं!"

काय करणार? तीस वर्षं तेच केलं. मी पेन्शनची चौकशी करणारी बाई. म्हातारे, विधवा, अपंग, नवऱ्यानं टाकलेल्या बायका अशांना सरकार दरमहा पेन्शन देतं. त्यासाठी जो अर्ज येतो, तो खरा की खोटा हे घरी जाऊन बघायचं आणि कागदावर लिहायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण दारात सरकारी माणूस दिसलं की कोण खरं बोलतं हो? म्हणून आम्ही प्रश्न कमी विचारायचो. पाणी मागायचं आणि पाणी येईपर्यंत बघून घ्यायचं. दाराशी चपला किती, दोरीवर कपडे कुणाचे, शेगडीवरचं पातेलं केवढं. माणूस खोटं बोलेल, पण पातेलं कशाला बोलतंय? एका आजोबांनी तर फ्रिजला चादर गुंडाळून वर हार घातला होता आणि मला सांगितलं, की हे आमचं दैवत आहे, हात लावू नका. दैवत आतून घुर्रर्र करत होतं. मी लांबूनच नमस्कार केला आणि आजोबांची पेन्शन मंजूर केली. फ्रिज जावयानं दिलेला होता, आणि जावई महिनोन्महिने फिरकत नव्हता.

ह्या लेखात आमच्या एका मुख्यमंत्र्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर निम्मे वाचक अंक मिटतील आणि उरलेले घरी येऊन मला शाल घालतील. बस्तीत त्यांना 'बडे साब' म्हणायचे, मीही तेच म्हणते. ते गेले, त्यांचा पक्षही सत्तेवरून गेला, पण आमच्या घरातलं त्यांच्यावरचं भांडण काही गेलं नाही.

कारण असं. पूर्वी पेन्शन म्हणजे ओळखीवाल्याची चैन होती. बडे साबनी ती गल्लीगल्लीत नेली. पेन्शनला जोडून आरोग्याचं कार्ड दिलं, आणि त्या कार्डावर मोठमोठे उपचार फुकट. ज्या बाईला आयुष्यात कुणी खुर्ची दिली नव्हती, तिला दवाखान्यात पलंग मिळायला लागला. हे मी डोळ्यांनी बघितलंय, कुणी मला शिकवू नये. आणि त्याच माणसानं सरकारी कारखाने विकले, ऑफिसातल्या रिकाम्या जागा भरणं बंद केलं, आणि झाडूवाल्यापासून कॉम्प्युटरवाल्यापर्यंत सगळे एजन्सीकडून अकरा-अकरा महिन्यांवर घ्यायची रीत पाडली. हेही मी डोळ्यांनीच बघितलं, कारण आमचे हे, उत्तमराव, अशाच एका कारखान्यात फिटर होते.

एके दिवशी सकाळी डबा घेऊन गेले, तर गेटवर आत सोडेनात. नोटीस नाही, पत्र नाही. नवीन मालकाच्या यादीत नाव नाही, एवढंच सांगितलं. गेटसमोर मांडव घालून हे लोक सात महिने बसले. मग एकेक उठला. आम्ही मूळचे उदगीरकडचे, ह्या परराज्यातल्या शहरात ना शेत ना भाऊबंद. ह्यांनी शेवटी हिमायतनगरच्या एका अपार्टमेंटमध्ये वॉचमनचा ड्रेस चढवला. तिथे पुण्याकडच्या एक बाई होत्या, कॉम्प्युटर कंपनीतल्या. मी मराठी आहे कळल्यावर खूश झाल्या आणि पाचव्या मिनिटाला म्हणाल्या, "आमच्या टॅक्सवर ह्या लोकांना फुकट खायची सवय लावून ठेवलीय हो त्या माणसानं!" हे शेजारीच उभे होते, गेटची किल्ली हातात धरून. बाईंना त्यांचं आडनावसुद्धा ठाऊक नव्हतं.

तर आमच्या घरात असं चालायचं. हे बडे साबना शिव्या घालायचे, आणि मी त्यांच्याच योजनेचे अर्ज पिशवीत भरून निघायचे. "जा, वाट त्याचा प्रसाद," असं हे म्हणायचे. मीही काही कमी नाही. "प्रसादावरच हे घर चालतंय," म्हणायचे. मग दोन दिवस बोलणं बंद.

आता मूळ गोष्टीवर येते. ही लिहायची नव्हती. संपादकांना मी फ्रिजच्या दैवतावर भागवणार होते.

माझ्या रिटायरमेंटला तीन महिने राहिले होते. सरकार बदललं होतं, आणि हुकूम आला, की बडे साबच्या काळातल्या सगळ्या पेन्शनी पुन्हा तपासा, बोगस लोक काढा. आमचे साहेब श्रीनिवास सार, वयानं माझ्या मुलाएवढे, रोज संध्याकाळी विचारायचे, "मेडम, आज किती निघाले?" किती तपासले असं नाही, किती निघाले. दिवसाला चाळीस घरं बघायची. नियम असा, की घराला कुलूप असेल तर दुसऱ्या दिवशी परत जायचं. चाळीस घरांत परत कोण जातंय?

मुसी नदीच्या कडेच्या एका बस्तीत गौसियाबी नावाच्या बाईचं घर होतं. 'नवऱ्यानं सोडलेली, एकटी' ह्या खान्यात तिची पेन्शन. दाराला कुलूप. दाराशी पुरुषाच्या दहा नंबरच्या चपला. दोरीवर दोन मोठे शर्ट आणि एक पँट. मी मनात म्हटलं, एकटी म्हणे! शेजारी कुणाला विचारलंसुद्धा नाही. इतकी वर्षं दोरीनं मला फसवलं नव्हतं. उभ्या उभ्या कागदावर लिहिलं, 'कमावता पुरुष घरात राहतो, अपात्र', सही ठोकली आणि पुढच्या दारात गेले. संध्याकाळी श्रीनिवास सारना आकडा सांगितला, तेव्हा त्यात गौसियाबी होती. ते "गुड" म्हणाले, आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी, साडेअकराच्या सुमारास एक बाई ऑफिसच्या भिंतीला धरत धरत आली. पंचेचाळिशीची असेल. तोंड सुजलेलं, पाय तर बघवत नव्हते, चपलेत मावत नव्हते. दोन शब्द बोलायची आणि थांबून श्वास घ्यायची. माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मैडम, मेरा कार्ड बंद हो गया. सोमवार कू दवाखाने से वापस भेज दिये."

मी कागद बघितला. गौसियाबी. खाली माझी सही.

तिची किडनी गेलेली होती. सोमवार आणि गुरुवार, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त साफ करून घ्यायची, बडे साबच्या कार्डावर. पेन्शन रद्द झाली की कॉम्प्युटर आपोआप कार्डही बंद करतो, हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, पण चौकशी करताना त्याचा विचार कोण करतो? सोमवार चुकला होता. गुरुवार चुकला, तर अंगातलं पाणी छातीत चढणार. तिला ते डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, आणि तिनं मला तितकंच स्पष्ट सांगितलं. "कल भी नई हुआ तो मैं नई बचती, मैडम."

"पण घरात पुरुष आहे ना?" मी विचारलं. माझा आवाज अजून सरकारीच होता.

"मर्द कां से आया? मैं अकेली रैती."

"मग ते शर्ट?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. इतकी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही, असं तिच्या तोंडावर होतं. "वो शर्टां तो मैंइच लटकाती ना, मैडम. जुमेरात बाजार से पुराने लाई. चप्पल भी. अकेली औरत का घर है बोलके गली में मालूम नई होना. हर हफ्ते धो के डालती, नई तो लोगां पहचान लेते."

 हे तर मी स्वतः केलेलं होतं. ह्यांना अपार्टमेंटवर सलग रात्रपाळी लागली होती तेव्हा मी मलकपेठच्या खोलीत एकटी असायचे, आणि ह्यांचा जुना कारखान्याचा ड्रेस रोज पाण्यातून काढून बाहेर टाकायचे. इतर कुणी चुकलं असतं तर चाललं असतं. मला कळायला नको होतं? आणि घराला कुलूप होतं तो दिवस कुठला, तर सोमवार. ती मशीनवर झोपलेली होती, आणि मी तिच्या दारात उभी राहून तिची पेन्शन कापत होते.

तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि श्रीनिवास सारांकडे धावले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. ऐकून तेही उठून उभे राहिले. दवाखान्याला दुसऱ्या दिवसाची यादी रोज एक वाजता जायची. त्याच्या आधी कार्ड चालू झालं, तर गुरुवारी मशीन मिळणार. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

आम्ही दोघं स्वप्नाच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिलो. स्वप्ना आमची ऑपरेटर, बत्तीसएक वर्षांची, एजन्सीकडची. नवरा ऑटो चालवायचा, दोन मुली शाळेत. नऊ वर्षं त्याच खुर्चीवर, दर अकरा महिन्यांनी नवीन. आम्ही कागद आणायचो, ती ते स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये चढवायची. तिच्या हातून चुकलेली नोंद मी कधी बघितली नाही. तिनं गौसियाबीचं पान उघडायला घेतलं. सर्व्हर अडकला. गोल गोल फिरत राहिला. बाहेरून गौसियाबीचा खोकला ऐकू येत होता, ओला, घरघरणारा. स्वप्ना "रा, रा तल्ली" असं तेलुगूत कॉम्प्युटरला विनवत होती, रुसलेल्या लेकराला बोलवावं तसं.

बारा पस्तीसला पान उघडलं. 'पुन्हा चालू करा' असं बटण होतं. दाबलं, तर खाली तीन ओळी आल्या. कारण निवडा.

एक नंबर, लाभार्थीची परिस्थिती बदलली. हे निवडलं, की नवीन चौकशी, पंधरा दिवस. म्हणजे गौसियाबी गेलीच. दोन नंबर, चौकशी करणाऱ्याची चूक. कार्ड लगेच चालू, पण एक प्रत आपोआप वर जाणार, माझ्यावर खात्याची चौकशी लागणार आणि ती मिटेपर्यंत माझे रिटायरमेंटचे कागद अडकणार. आमच्या ऑफिसातल्या एका माणसाचे असेच चार वर्षं अडकले होते. तीन नंबर, नोंद करताना ऑपरेटरची चूक. ह्यानंही कार्ड लगेच चालू. प्रत एजन्सीला.

आम्ही तिघंही त्या तीन ओळींकडे बघत होतो.

श्रीनिवास सारनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि हळू म्हणाले, "तीन टाका. एजन्सीला काही फरक पडत नाही. मेडमचे तीनच महिने राहिलेत."

मी बोलायला हवं होतं. 'दोन टाक' एवढे दोनच शब्द. तोंड उघडलंही होतं. पण डोळ्यांसमोर आमचे हे आले, गुडघे धरून जिना चढणारे, आणि आम्ही ठरवलेलं, की माझे पैसे हातात आले की ड्रेस उतरवायचा. मनात म्हटलं, एजन्सी एखादं पत्र देईल, मी मध्ये पडेन, मिटवेन. मनात काय काय म्हटलं मी! आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. घड्याळाकडे बघत उभी राहिले, जणू सगळी घाई घड्याळालाच होती.

स्वप्नानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

मग कळ दाबल्याचा आवाज आला. कार्ड चालू झालं. श्रीनिवास सारनी दवाखान्यात फोन लावला, नाव यादीत चढलं. मी बाहेर जाऊन गौसियाबीला सांगितलं, तर ती रडली, माझे हात डोळ्यांना लावले आणि म्हणाली, "अल्ला बडे साब कू जन्नत दे, और तुमकू लंबी उमर दे." मी हात सोडवून घेतले. तिला ऑटोत बसवून दिलं. ती वाचली. अजूनही सोमवार-गुरुवार जाते, भेटते तेव्हा मला आपा म्हणते, आणि तिच्या घरात आरशाशेजारी बडे साबचा फोटो आहे.

त्या दिवशी घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, एक जीव वाचवला म्हणून काहीतरी बरं बोलतील. ह्यांनी जेवता जेवता विचारलं, "मग त्या पोरीचं काय होणार?"

"काही नाही होत. एजन्सीचं काम आहे."

ह्यांनी आणखी दोन घास खाल्ले. मग ताट बाजूला सारून म्हणाले, "आमची यादी टाइप झाली तेव्हाही कुणीतरी शेजारी उभं असेल बघ. तुझ्यासारखंच. भलं माणूस." आणि हात धुवायला गेले. आयुष्यभर हा माणूस मला तोडून बोलला, मी उलट बोलले. त्या दिवशी मी ताटं उचलून घासायला घेतली.

महिना संपला आणि स्वप्नाच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसलेली होती. श्रीनिवास सारना विचारलं, तर म्हणाले, एजन्सीनं बदलली. कुठे बदलली, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा स्वतःचा करार त्याच महिन्यात संपत होता, ते त्या काळजीत. होय, तेही एजन्सीचेच होते. हे मला तेव्हा कळलं. त्या अख्ख्या खोलीत कायमची नोकरी एका माणसाची होती, आणि ते माणूस मी. कुणी सहज हात लावू शकणार नाही अशी मी एकटीच होते, आणि घाबरले तीही मीच.

माझा निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, फोटो. श्रीनिवास सारांच्या जागी आलेल्या साहेबांनी भाषणात सांगितलं, की मेडमच्या पूर्ण सेवेत एक डाग नाही. टाळ्या पडल्या. ह्यांनी नाही वाजवल्या. पहिल्या रांगेत बसले होते, मी बघितलं ना.

कागद वेळेवर झाले. ह्यांनी ड्रेस उतरवला. आणि मी स्वप्नाला शोधायला आणखी एक वर्ष लावलं. वेळ नव्हता असं नाही. हिंमत नव्हती, सरळ सांगते.

मलकपेठमध्येच सापडली, एका झेरॉक्सच्या दुकानात. अर्ज भरून देत होती, पेन्शनचेच. मला बघून उठली, स्टूल पुसून दिला, चहा मागवला. मी चहा घेतलाच नाही. म्हटलं, "स्वप्ना, ती चूक माझी होती. शर्ट बघून मीच लिहिलं होतं."

"हौ मेडम, मालूम आहे," ती म्हणाली. माझ्याशी ती अशी मिसळूनच बोलायची. "तुमचा कागद मीच स्कॅन केला होता ना. सही पण दिसते त्याच्यात."

"मी एजन्सीला पत्र लिहिते. सगळं खरं लिहिते. माझं आता कोण काय करतंय?"

ती हसली. रागानं नाही, ह्या वयातही मेडमला काही कळत नाही, अशा तऱ्हेनं. "कोणाला लिहिणार, मेडम? ती एजन्सी गेली. दुसरी आली. आणि मला काढलेलं पत्रच नाही. फोन आला, उद्यापासून येऊ नका."

गिऱ्हाईक आलं. तिनं त्याचा आधारचा कागद काचेवर ठेवला, प्रत काढली, दिली. मी तशीच बसून होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तू बोलली का नाहीस गं तेव्हा? सारांसमोर सांगायचंस, कागदावर मेडमची सही आहे म्हणून!"

तिनं मशीनचं झाकण बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही बोलाल वाटलं, मेडम. पान उघडल्यावर मी दोन मिनिटं थांबले होते. मग ती बाई परत खोकली."